खंडेनवमीच्या पाटावरची बंदूक

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी आपली पहिली एअरगन घ्यायला निघालं असेल, तर दुकानात जाण्याआधी थोडा वेळ माझ्याजवळ बसा. मीही एक एअरगन आहे. जुनी आहे, जड आहे, नळीवर गंजाचे ठिपके आहेत, आणि मला फारसं काही वाटत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. आपली कहाणी सांगणारे जुने कंदील आणि मोडक्या खुर्च्या फार रडतात असं मी ऐकून आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी जे झालं ते सांगेन.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. त्या गावाचं नाव मला माहीत नाही, कारण मला पेटीत घालूनच बाहेर काढलं. माझं शरीर अगदी साधं आहे. पुढे लोखंडी नळी, मागे लाकडी दस्ता, पोटात एक मोठी स्प्रिंग आणि खाली चाप. नळी मधोमध दुमडली की स्प्रिंग दाबली जाते आणि तशीच अडकून बसते. मग नळीच्या मागच्या उघड्या तोंडात शिशाचा छर्रा ठेवायचा आणि नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, हवेला धक्का बसतो आणि छर्रा निघून जातो. माझ्यात ना दारू, ना धूर. म्हणून लोक मला खेळणं समजतात.

कारखान्यात मला तपासणाऱ्या माणसाने चाप ओढून पाहिला. तो फार जड होता. त्याने ते शेजारच्याला सांगितलं, शेजारचा चहा पीत होता, आणि मी आहे तशी पेटीत गेले. त्या जड चापाचं पुढे काम आहे, म्हणून सांगून ठेवते.

१९९२ सालच्या दसऱ्याला ठाण्याच्या एका दुकानातून मला चंदू नावाच्या कोळ्याने घेतलं. दुकान टेंभी नाक्यापासून जवळच होतं. बाहेर देवीच्या मांडवाची गर्दी होती आणि आत चंदू काउंटरवर तीन एअरगन मांडून उभा होता. त्याची ती पहिलीच एअरगन. त्याने बाजारात मासळी निवडावी तशी निवड केली. प्रत्येक उचलून पाहिली आणि जी सगळ्यात जड ती घेतली. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, कशासाठी हवी. चंदू म्हणाला, कावळ्यांसाठी. मग जोरात मारणारी हवी, असं दुकानदार म्हणाला, आणि माझा सौदा झाला. छर्रा कसा भरायचा ते त्याने चंदूला दोनदा दाखवलं. बंदूक रिकामी आहे हे कसं ओळखायचं, ते त्याने एकदाही दाखवलं नाही आणि चंदूनेही विचारलं नाही.

चंदूचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात होतं. घरापुढच्या अंगणात जवळा वाळत असायचा. जवळा म्हणजे बारीक कोलंबी. वाळायला दोन-तीन दिवस उन्हात पडून राहते आणि तेवढ्यात कावळे निम्मी नेतात. माझं काम त्यांना उठवायचं. मी पत्र्याच्या डब्यावर छर्रा मारायचे, टण्ण असा आवाज व्हायचा आणि सगळी टोळी पिंपळावर जाऊन बसायची. कधी एखादा कावळा खरोखरच लागायचा. चंदू त्याला उलटा टांगून ठेवायचा आणि मग दोन दिवस शांतता असायची. शेजारपाजारचे माझं कौतुक करायचे. चंदूची बायको शेवंती मला खोबरेल तेल लावून पुसायची. चांगले दिवस होते म्हणायला हरकत नाही.

पण कावळे हुशार असतात. एक बार झाला की दुसरा भरायला वेळ लागतो, हे त्यांना लवकरच कळलं. आवाज झाला की उडायचे आणि लगेच परत उतरायचे. त्यावर चंदूने आपल्या हाताला एक सवय लावून घेतली. बार झाला रे झाला की तो नळी दुमडायचा, तंबाखूच्या रिकाम्या डबीतून छर्रा काढून भरायचा आणि मला तशीच, भरलेली, होडीला टेकवून ठेवायचा. हे सगळं तो न बघता करायचा. बोलता बोलता, विडी ओढता ओढता. मला त्याच्या हाताचं कौतुक वाटायचं.

१९९७ साली शिमग्याच्या आधी एका दुपारी असाच बार झाला. चंदूच्या हाताने मला पुन्हा भरलं, होडीला टेकवलं आणि चंदू चहाला आत गेला. अंगणात दोन मुलं होती. चंदूचा मुलगा जयेश, वय अकरा. आणि चंदूच्या थोरल्या भावाचा मुलगा बंटी, वय दहा. बंटी कावळा झाला होता. हात पसरून जवळ्याभोवती उड्या मारत कावकाव करत होता. जयेशने मला उचललं. बार झाल्याचा आवाज त्याने नुकताच ऐकला होता. म्हणजे बंदूक रिकामी, असा त्याने हिशेब केला. हिशेब चुकीचा नव्हता. बापाच्या हाताची सवय तेवढी त्याला माहीत नव्हती.

चाप जड होता, म्हणून त्याने दोन बोटांनी ओढला.

बंटीचा डावा डोळा गेला. ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण गेला तो गेलाच. मला त्या वेळी काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक बाराला बसतो तो धक्का बसला. तेवढंच. त्यापेक्षा जास्त वाटायला हवं होतं हे मला कळतं, पण वाटलं नाही, आणि खोटं सांगून काय मिळणार.

घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं की मूल खेळताना काठीवर पडलं असं सांगायचं. भावाभावांत वितुष्ट नको, पोलिसांचं लचांड नको आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाला हे चिकटायला नको. बंटीच्या आईनेही मान हलवली. तेव्हापासून कोळीवाड्यात बंटी काठीवर पडलेला आहे.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ती माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चंदू इस्पितळातून घरी आला. अंगणातला जवळा कोणी उचलला नव्हता आणि कावळ्यांनी त्याचा फन्ना उडवला होता. मी जिथे पडले होते तिथेच होते. चंदूने मला उचललं. तेवढ्यात एक कावळा ओरडला आणि चंदूच्या हाताने आपलं काम केलं. नळी दुमडली, डबीतून छर्रा काढला, भरला, नळी सरळ केली. चंदूचं लक्ष तिथे नव्हतंच. तो पिंपळाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मग त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि पोटमाळ्यावर ढकलून दिलं.

मी भरलेली होते. घरात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. चंदूलाही नाही.

शेवंती म्हणाली होती की ती बंदूक खाडीत टाकून द्या. चंदूने ऐकलं नाही. दसऱ्याला आणलेली वस्तू, पाच वर्षं पूजेला बसलेली, ती पाण्यात कशी टाकायची? त्याचं म्हणणं शेवंतीला पटलं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिने स्वतःच मला माळ्यावरून काढलं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात, तुम्ही पाहिलं असेल. कोयता, मासे कापायची सुरी, होडीचा नांगर, जाळं विणायची सुई, आणि मी. एकदा पाटावर बसलेलं हत्यार वगळायचं नसतं, असं शेवंतीचं मत. तिने मला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूची माळ माझ्या चापाभोवती गुंडाळली. दुसरीकडे माळ अडकवायला जागाच नव्हती. माझं तोंड दाराकडे होतं, म्हणजे पाया पडायला येणाऱ्या प्रत्येकाकडे.

दरवर्षी हेच चाललं. दसरा झाला की शेवंती माळ ओढून काढायची. दोरा चापात अडकायचा, ती झटका द्यायची. कारखान्यातल्या त्या चहा पिणाऱ्या माणसाचे उपकार मानायला हवेत, कारण चाप तेवढ्याने हलत नव्हता. मुलं गुडघे टेकून माझ्यासमोर वाकायची. जयेशचं लग्न झालं, दिपिका घरात आली, तीही वाकली. तिची मुलगी प्राप्ती रांगत आली आणि तिने माझ्या नळीच्या तोंडात झेंडूची पाकळी घातली. सगळे हसले. पहिली काही वर्षं मी प्रत्येक वेळी घाबरायचे. नंतर घाबरणं बंद झालं. स्प्रिंग वर्षानुवर्षं दाबलेली राहिली की आपण दाबलेले आहोत हेच तिला कळेनासं होतं. माझं सगळंच तसं झालं.

दरम्यान खाडीतली मासळी कमी झाली आणि अंगणात जवळा वाळत घालणं बंद पडलं. जयेश डोंबिवलीला राहायला गेला आणि एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत नोकरीला लागला. बंटीने टेंभी नाक्याजवळ शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. एका डोळ्याने तो सुईत दोरा असा ओवतो की दोन डोळ्यांच्या बायका बघत राहतात. जयेश आणि बंटी एकमेकांशी चांगलं वागत होते. फक्त जयेश त्याच्याशी बोलताना नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहायचा, आणि त्या दुपारबद्दल दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

आता प्राप्तीकडे येते. ती आठवीत गेली आणि डोंबिवलीतल्या एका नेमबाजी वर्गात जाऊ लागली. मैत्रीण जायची म्हणून ही गेली. मैत्रिणीने दोन महिन्यांत सोडलं, ही राहिली. तिथल्या देवयानी मॅडम कडक होत्या. पहिला महिनाभर त्यांनी मुलांना छर्रा दिलाच नाही. बंदूक हातात आली की तोंड भिंतीकडे, बोट चापाबाहेर, आणि आधी उघडून बघायचं. दिवसातून पन्नास वेळा तेच. वर्ष झाल्यावर मॅडमनी सांगितलं की प्राप्तीची तयारी चांगली आहे, जिल्ह्याच्या निवडीला उतरायचं तर आता तिला स्वतःची एअरगन घ्या. वर्गातल्या एअरगन दहा हातांत फिरतात.

जयेशने नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. दिपिकाने विचारलं, प्राप्ती रुसली, तरी तो एवढंच म्हणायचा की आपल्या घरात बंदूक येणार नाही. प्राप्ती रडून थकली आणि मग बोलेनाशी झाली. ते सगळं मी खंडेनवमीला ऐकलं, २०२४ सालच्या, कारण सगळे ठाण्याला पूजेसाठी जमले होते आणि पाटावरची हत्यारं ऐकत असतात हे कोणाच्या लक्षात येत नाही.

चंदू आता म्हातारा झाला होता. नातीचा चेहरा बघून तो म्हणाला, "नवीन कशाला? घरान हाय ना एक. तीच ने गो बाय."

जयेश समईतली वात नीट करू लागला. चंदूच्या मनात काय होतं ते मला समजलं. माझ्यावर जो डाग होता, तो नातीच्या खेळाने, तिच्या पदकाने निघेल असं त्याला वाटत होतं. म्हातारा वाईट नव्हता. त्याने बंटीकडे बघितलं. बंटीने खांदे उडवले आणि हसून सांगितलं की द्या, माझी काही हरकत नाही. तो दिलदार माणूस आहे.

पूजा झाली होती. शेवंतीने माळ सोडवून मला प्राप्तीच्या हातात दिलं आणि तिला नेम धरून उभी राहायला सांगितलं, फोटो काढायचा म्हणून. बंटीचा मुलगा ऋतुराज आठ वर्षांचा. तो ओरडला की कॅमेऱ्याकडे नेम धर, दीदी, सिनेमातल्यासारखा. बंटीने मोबाईल काढला. एकाच डोळ्याने बघायचं म्हणून त्याला मोबाईल अगदी तोंडाजवळ धरायची सवय आहे. त्याने तो उजव्या डोळ्यासमोर धरला आणि माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला.

मित्रांनो, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड आहे ते एकाच कामाचं.

मला सावरून धरताना माझं तोंड क्षणभर बंटीच्या चेहऱ्यावरून फिरलं. मग ते खाली गेलं आणि भिंतीकडे वळलं. प्राप्तीचं बोट चापाबाहेर सरळ होतं.

"थांबा काका," ती म्हणाली. "आधी उघडते."

शेवंतीने तिला सांगितलं की अगो, पूजेतली आहे, रिकामीच आहे. चंदूनेही सांगितलं की सत्तावीस वर्षांत कोणी चाप ओढलेला नाही. म्हणूनच बघायला पाहिजे, असं प्राप्ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. पन्नास वेळा करायची गोष्ट ती एक्कावन्नाव्या वेळी करत होती. तिने मला मांडीवर टेकवलं आणि नळी खाली दाबली. गंजाने थोडी अडली, मग एकदम सैल आली.

प्राप्ती थबकली. माझ्यासारखी एअरगन रिकामी असेल तर नळी दुमडताना जोर लागतो, कारण त्याच वेळी स्प्रिंग दाबली जात असते. नळी अशी सैल येते तेव्हा स्प्रिंग आधीच दाबलेली असते. तिने वाकून पाहिलं. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा होता. शिसं जुनं होऊन पांढरं पडलं होतं.

"आजोबा, ही भरलेली आहे."

बंटीचा मोबाईल अजून डोळ्यासमोरच होता. तो त्याने हळूहळू खाली घेतला. चंदूने आपला उजवा हात पुढे करून पाहिला, मग डबीतून काहीतरी उचलावं तशी बोटं हलवली, आणि त्याला सगळं आठवलं असावं, कारण तो होता तिथेच जमिनीवर बसला. मीच भरली, असं तो दोनदा म्हणाला.

प्राप्तीने मला तशीच उघडी, भिंतीकडे तोंड करून धरून ठेवलं आणि देवयानी मॅडमना फोन लावायला सांगितलं. मॅडमनी आधी सगळ्यांना मागे उभं राहायला लावलं, मग छर्रा कसा बाहेर काढायचा ते सांगितलं. बंटीने शिलाई मशीनची जाड सुई आणून तो काढला. आता स्प्रिंग सोडायची राहिली. खाडीच्या चिखलाकडे तोंड करून रिकामाच बार काढा, बंदूक बिघडली तर बिघडू द्या, असं मॅडम म्हणाल्या.

मला उचलायला चंदू उठला, पण जयेशने त्याला बसवलं. "मी ओढतो," तो म्हणाला.

अंगणाच्या टोकाला भरती ओसरून चिखल उघडा पडला होता. जयेशने तिकडे नेम धरला. आज तो मोठा माणूस होता, तरी त्याने चाप दोन बोटांनीच ओढला. मोठा आवाज झाला. माझी स्प्रिंग सुटली. ती जुनी झाली होती, जोर निम्मा राहिला होता, पण तेवढा जोर चार हातांवर पुरेसा असतो. मला हलकं वाटलं. बाकीचं सगळं बधिर होतं आणि त्यात ही एक जागा हलकी झाली.

जयेशने मला खाली ठेवलं आणि मुलीकडे वळला. "प्राप्ती, काका काठीवर पडला नव्हता. ते मी केलं. ह्याच बंदुकीनं. मला वाटलेलं, रिकामी आहे."

प्राप्तीने बापाकडे बघितलं, मग काकाकडे. दिपिका डोळे पुसत होती. बंटी असा येऊन उभा राहिला की जयेश त्याच्या डाव्या, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला आला, जिथे तो एरवी कधी उभा राहत नसे.

"तेव्हा तू उघडून बघितलं नायस," बंटी म्हणाला. "आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं रे. तुझ्या पोरीला सांगितलंय, तर ती बघते. तिला बंदूक घेऊन दे. मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी दसरा. जयेश, बंटी आणि प्राप्ती दुकानात गेले. मलाही सोबत घेतलं, माझं पुढे काय करायचं ते विचारायला. दुकान तेच होतं, ज्या काउंटरवरून मी बत्तीस वर्षांपूर्वी निघाले तो काउंटरही तोच. जुना दुकानदार आता नव्हता, त्याची सून रसिका बसली होती. तिने पाच-सहा एअरगन मांडल्या आणि सगळ्यात जोरात मारणारी कोणती, ते आधी सांगितलं. दुकानं बदलतात, बोलणी तीच राहतात.

प्राप्तीने मात्र मासळी निवडल्यासारखी निवड केली नाही. प्रत्येक एअरगन हातात आली की ती आधी उघडायची. मग डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि डोळे उघडायची. मान न वाकवता टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक दाणा, आपसूक डोळ्यासमोर आला तर ठीक, नाहीतर परत ठेवायची. एक एअरगन तिला फार आवडली होती, काळी, चकचकीत. पण ती धरून उभी राहिली आणि मिनिटाभरात तिचा हात खाली येऊ लागला. तिने ती परत दिली. दुसरीची नळी तिला एकटीला दुमडता येईना. जयेश मदतीला पुढे झाला, तर बंटीने त्याला धरलं. रोज तिथे तू असणार आहेस का, असं त्याने विचारलं. बंटीने स्वतः प्रत्येक चाप ओढून पाहिला, स्क्रू तपासले. बायका शिलाई मशीन घेताना रंग बघतात आणि पायडल मारायला विसरतात, मग माझ्याकडे येतात, असं तो रसिकाला सांगत होता.

शेवटी एक साधी, हलकी, कमी जोराची एअरगन उरली. दिसायला ती काही खास नव्हती. प्राप्तीला ती खांद्याला बरोबर बसत होती आणि नळी तिची तिला दुमडता येत होती. जयेशने रसिकाला एकच प्रश्न विचारला: ही उघडी ठेवता येते का, लांबूनही कोणाला दिसेल अशी? रसिकाने नळी दुमडून ती काउंटरवर ठेवली. जयेशने चार पावलं मागे जाऊन पाहिलं. मग मान हलवली.

माझ्याबद्दल रसिका म्हणाली की स्प्रिंग बदलली तर अजून वीस वर्षं चालेल. जयेशने बंटीकडे बघितलं. बंटीने सांगितलं की जुनी स्प्रिंग काढून टाका, नवी घालू नका. तिने तिथल्या तिथे माझं पोट उघडलं. बाहेर निघालेली स्प्रिंग आखडून बोटभर लहान झाली होती. कोणी ती घरी नेली नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी पुन्हा पाटावर होते. माझी नळी दुमडलेली, बाजूला प्राप्तीची एअरगन, तीही उघडी. मोडून ठेवलेलं हत्यार पूजेला चालतं का, अशी शेवंतीला शंका होती. चंदूने तिला चालतं म्हणून सांगितलं. हळदकुंकू वाहण्याआधी त्याने दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी करंगळी लावून पाहिली. आता तो दरवर्षी हेच करणार आहे. त्याच्या हाताला ही नवी सवय लागली तर बरं होईल. प्राप्तीची जिल्ह्याच्या निवडीत निवड झाली नाही. दोन गुणांनी राहिली. ती पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार आहे आणि जयेश तिला दर रविवारी स्वतः सोडायला जातो.

पूजा झाल्यावर बंटी माझ्यासमोर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्या इतक्या जवळ कधी आला नव्हता. त्याने माझी नळी दोन्ही हातांनी धरली, उघड्या तोंडाला आपला उजवा डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिला. मागे जयेश उभा होता. ऋतुराजने विचारलं, पप्पा, काय दिसतं?

"समई," बंटी म्हणाला. "आरपार दिसते."

तेव्हा मला वाटलं. फार नाही, पण वाटलं.

मित्रांनो, तुमची पहिली एअरगन कोणती घ्यायची ते तुमचा हात आणि तुमचा खांदा तुम्हाला सांगेल. दुकानदाराचं थोडं कमी ऐकलं तरी चालेल. माझं मात्र एवढं ऐका. माझ्यासारखी कोणी तुमच्या हातात आली आणि ती रिकामी आहे असं तुम्हाला कोणीही सांगितलं, बाबांनी सांगितलं, आजोबांनी सांगितलं, देवासमोर बसून आजीने सांगितलं, तरी रागावू नका, वाद घालू नका. तोंड भिंतीकडे करा आणि आधी उघडा. आम्हाला आतून सांगता येत नाही.